अक्का ‘येते’ म्हणाली

टोरांटोच्या विमानतळावरून निघून दोन तास झाले असतील, आणि हमरस्त्यावर हिरवी पाटी आली: लंडन. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. पाटी तीच.

“अक्का, आपण कॅनडातच आहोत ना गं?”

“हे इथलं लंडन,” गाडी चालवता चालवता अक्का म्हणाली. “थेम्स नदीपण आहे. पुढं विंडसर लागतं, पण तिथं राजवाडा नाही, मोटारींचे कारखाने. आपलं गाव त्याच्या बरंच अलीकडे.”

इंग्रज लोक घर सोडून आले ते गावांची नावं ट्रंकेत भरूनच आले म्हणायचे. भूगोल शिकवण्यात उभी हयात गेली माझी, आणि पहिल्याच तासाला नापास!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सुलोचना. डॉक्टर भावोजींशी लग्न करून इकडे आली, सगळा संसार टोरांटोच्या स्कारबरो भागात केला. मूलबाळ नाही. भावोजी गेल्यावर आम्हाला वाटलं, आता ही परत येईल. तर बाईंनी तिथलं घर विकलं आणि ॲश्बी कॉर्नर्स नावाच्या खेड्यात एक बैठं घर घेतलं. गाव म्हणजे एक चर्च, एक दुकान आणि उरलेला सगळा मका. आमचा दादा ऐंशीला टेकलाय. “कुंदे, तिला घेऊनच ये,” म्हणून त्यानं मला सांगलीहून धाडलं होतं. हिंडणं-फिरणं हे निमित्त. मी आले होते बहिणीला घरी न्यायला.

ऑक्टोबर होता. सकाळचं खाणं झालं की अक्का काठी घ्यायची आणि आम्ही निघायचो. कुठे? कुठेच नाही. हेच मला शेवटपर्यंत उमगलं नाही. देवळाला नाही, भाजीला नाही, साखर वाढली म्हणूनही नाही. कन्सेशननं (शेतांमधून सरळ जाणारा खडीचा रस्ता) जायचं, ओढ्यावरच्या लाकडी पुलावर उभं राहायचं, मेपलच्या राईतून वळायचं आणि परत. पानं अशी लालभडक की डोळे निवतात. पण माणूस म्हणून दिसेल तर शपथ.

आणि जे दिसायचे ते आणखी गोंधळात टाकायचे. कुत्रं घेऊन एक आजोबा आले. “हाऊ आर यू टुडे?” त्यांनी विचारलं. मी थांबले, उजव्या गुडघ्यापासून सुरुवात केली, “ॲक्चुअली, माय नी...” तोवर आजोबा वीस पावलं पुढे.

“उत्तर नसतं द्यायचं गं,” अक्का हसून म्हणाली.

“मग विचारतात कशाला मेले?”

शेतांची कुंपणं ओलांडायला जागोजाग स्टाइल असते (दोन्ही बाजूंनी पायऱ्या असलेली लाकडी शिडी). कुणाच्याही शेतातून जायचं, शेतकरी उलट लांबून हात हलवतो. आमच्याकडे बांधावर पाय ठेवला तर तीन पिढ्या कोर्टात जातात! पहिल्याच शिडीवर माझी ओढणी खिळ्यात अडकली आणि मी वरच्या पायरीवर घोड्यावर बसल्यासारखी बसून राहिले. तेवढ्यात शेजारच्या शेतावरची म्हातारी आली. तिचं नाव जोन. तिनं ओढणी सोडवली आणि म्हणाली, “यू मस्ट बी सूज सिस्टर!”

सू! सुलोचना म्हणता येत नाही म्हणून अख्खं गाव माझ्या पंचाहत्तरीच्या बहिणीला ‘सू’ म्हणतं. आणि अक्का खुशाल ‘ओ’ देते. आपल्याकडे दोन वर्षांचं पोरसुद्धा हसेल.

त्या दुपारी जोननं बटर टार्ट (लोणी-साखरेच्या पाकानं भरलेली पिठाची छोटी वाटी) खायला घातले. दातांना कळ आली, तरी दोन खाल्ले. संध्याकाळी अक्कानं तांबड्या भोपळ्याचे घारगे केले, अगदी आईच्या हातचे. मी मनाशी म्हटलं, घारगे विसरली नाही म्हणजे येईल.

तिसऱ्या दिवशी धीर केला. आम्ही जोनच्या फाटकापाशी होतो. “थांब इथंच, अंडी घेते,” म्हणून अक्का आत वळली. तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, पाठीला विचारलं. वारा सुटला होता, म्हणून ओरडूनच विचारलं, “अक्का, येतेस ना मग?”

तिनं मागं न बघता हात हलवला. “येते गं, येते!”

मला अंगात बळ आल्यासारखं झालं. घरी येऊन तिच्या नकळत दादाला फोन लावला. “येते म्हणाली!” पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

पुढचे चार दिवस मी हवेत होते. दादा तर काय, त्यानं पुढच्या खोलीला रंग काढला, न्हाणीघरात नवा कमोड बसवला, आत्याच्या, मामाच्या मुलांना सांगून मोकळा झाला. पाचव्या दिवशी आम्ही सकाळची कॉफी घेत होतो आणि त्यानं थेट अक्कालाच फोन केला.

“सुले, पलंग खिडकीकडे लावू की कपाटाकडे?”

“कुणाचा पलंग, दादा?”

“तुझा! तू येतेयस ना?”

अक्कानं माझ्याकडे बघितलं. मी कॉफीच्या कपात बघायला लागले. तिनं दादाला हळूच, नीट सांगितलं. तो नुसतं “असं होय, असं होय,” म्हणत राहिला, आणि फोन ठेवला.

“कुंदे, मी अंडी आणायला निघाले होते गं बाई!”

“तूच म्हणालीस, येते!”

“मग निघताना काय ‘जाते’ म्हणू? आईनं थोबाड फोडलं असतं!”

हसावं की रडावं तेच कळेना. मग मला रागच आला. दादाला आशेला लावून मीच बसले होते, पण राग निघाला तिच्यावर. “तुला काय कमी आहे गं सांगलीला?” असं तोडून बोलले आणि एकटीच बाहेर पडले.

राईतल्या वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे असतात. आमच्याकडे झाडावर रंगाची खूण दिसली की समजावं, आलं तोडायला. इथं त्या वाटेच्या खुणा. एका झाडावर एकाखाली एक असे दोन पट्टे दिसले. म्हटलं, दोन म्हणजे नक्कीच सरळ. तर दोन म्हणजे वळायचं! मी सरळ मक्यात शिरले. डोक्याच्या वर मका, चारही बाजूंना सारखाच. तासभर भटकून कुणाच्या तरी गोठ्यापाशी निघाले. टोपीवाल्या एका माणसानं मला बघितलं, काही न विचारता फोन काढला आणि म्हणाला, “सू, आय हॅव युअर सिस्टर.”

अक्का चालतच आली. धापा टाकत होती. मी सॉरी म्हणणार होते, तर तीच बोलायला लागली.

“सांगलीला आले की तुम्ही मला नवी चादर घालता. चांगल्या कपात चहा. कुठं निघाले तर कुणीतरी सोबत. दोन दिवस फार छान वाटतं गं. मग कळतं, मी पाहुणी आहे. इथं जोन मला कान तुटलेल्या कपात चहा देते. तिच्या ड्राइव्हवेतला बर्फ मी फावड्यानं काढते. तुमच्यावर राग नाही माझा, पण मी नाही येत.”

“दादा ऐंशीचा होतोय, अक्का. मग भेटायचं कधी?”

तिनं नुसता माझा हात हातात घेतला. तिचेही डोळे भरले होते. घरापर्यंत आम्ही हात धरून चालत आलो, शाळेतून येताना यायचो तशा. विमानतळावर ती मला सोडायला आली, गळ्यात पडून रडली आणि एकटीच गाडी चालवत परत गेली. तिला नेता आलं नाही याचं मला फार वाईट वाटलं, आणि ती चुकतेय असं काही केल्या वाटेना. विमानात सगळा वेळ या दोन गोष्टी जुळवत बसले. जुळल्या नाहीत.

सांगलीला पोहोचले तेव्हा दादा फाटकात उभा होता. सगळं ठाऊक असूनही त्यानं वाकून टॅक्सीच्या मागच्या सीटवर बघितलं. मग माझी बॅग स्वतः उचलली. मी नको म्हणत होते, तरी ऐकलं नाही. पुढच्या खोलीला ओल्या रंगाचा वास येत होता.

“तब्येत कशी आहे तिची?”

“माझ्यापेक्षा बरी. मैल न् मैल चालते.”

“एकटी?”

“एकटी. पण हरवत नाही.”

दादा नव्या पलंगावर बसला, चादरीवरून हात फिरवला.

“मग राहू दे,” तो म्हणाला.

तिला राहू दे की विषय राहू दे, हे मी त्याला विचारलं नाही.