मीटरच्या पेटीवरची किल्ली

आमच्या गल्लीत दाराला कुलूप सगळेच घालत्यात, अन् किल्ली ठेवत्यात लाईटच्या मीटरच्या पेटीवर. पोस्टमनला ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक. फक्त विठाबाईची किल्ली माझ्या घरात, खिळ्याला. मी तिची शेजारीण, गंगम्मा. भिंतीला भिंत लागून हाय, अन् तिचा मालक गेल्यापासनं ती एकटीच राहती.

तिची लेक धम्मप्रिया माझ्याच शेंगाचटणीवर वाढली. पोरगी लई हुशार, पण नळ उघडा, दप्तर उघडं, दार तर सताड उघडं! "कडी लाव की गं!" म्हणून विठाबाईचा घसा बसायचा. आता तीच बया आयर्लंडमध्ये बसून जगाच्या कड्या तपासती.

गेली होती ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायला. तितं एकदा सोबतच्यांचं काम बघताना हिला दिसलं, पासवर्ड प्रोग्राममधेच लिहून ठेवलेला. भर मीटिंगमधे म्हणाली, "ही तर मीटरच्या पेटीवरची किल्ली!" गोऱ्या साहेबाला मीटरची पेटी काय कळणार? चित्र काढून दाखवलं म्हणे. तवापासनं हिला जिकडंतिकडं अशाच किल्ल्या दिसायला लागल्या. बरोबरचे वैतागले, तुझं काम लिहायचं का आमच्या चुका काढायचं? ही म्हणाली, मग मला चुका काढायलाच ठेवा. पुन्हा अभ्यास केला, परीक्षा दिल्या, कॉम्प्युटरवरच्या चोरांवर नजर ठेवणाऱ्या खात्यात पार खालनं सुरुवात केली, अन् आता त्या अख्ख्या खात्याची साहेबीण हाय. मी चिडवते, "एवढं शिकून शेवटी वॉचमनच की! शिट्टी तेवढी दिली न्हाय तुला."

मागल्या डिसेंबरात आली अन् माझ्या खिळ्यावरची किल्ली बघून तिनं कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी जुनं कुलूप काढून आईच्या दाराला अंगठ्याचं कुलूप! आईचा अंगठा, हिचा अंगठा, वर हिच्या फोनवरनं पण उघडतंय.

"अन् माझा अंगठा?" मी विचारलं.

"मावशी, नियम हाय. जितके लोक कमी, तितका धोका कमी."

अय्यो शिवा! हिची दुपटी धुतली मी, अन् आता मी 'लोक'? असला राग आला! ती परत निघाली तवा मी दारात सुद्धा गेले न्हाय.

उन्हाळ्यात एका सकाळी भिंतीपलीकडनं विठाबाईची हाक आली. मोरीत पाय घसरला होता, उठता येईना. पळत गेले तर दार बंद. धम्मप्रियाला फोन लावला, तिकडं पहाट. ती फोनवरनं दार उघडायला बघती, तर हितं लाईट गेलेली, अन् लाईटीबरोबर इंटरनेट पण. आत विठाबाई कण्हतीया अन् कुलूप आपलं ठोंब्यासारखं गप्प! शेवटी जगाची कुलपं राखणारी साहेबीणच रडत ओरडायला लागली, "तोडा मावशी, दार तोडा!" आमच्या मालकांनी पहार घातली अन् दार उचकटलं.

पायाचं हाड मोडलं होतं. बाकी विठाबाई शाबूत, तोंड तर पहिल्यासारखंच चालू. प्लॅस्टर घालून घरी आणल्यावर धम्मप्रिया व्हिडिओवर माफी मागायला लागली. आईची मागून झाली, मग माझी. विठाबाईनं तिला मधेच थांबवलं.

"माझं सोड. माझी हाक ऐकायला गंगम्मा हाय. तू तिकडं पडलीस तर? तुझी किल्ली कुणाकडं हाय?"

पोरगी हळूच म्हणाली, "कुणाकडंच न्हाय, आई."

माझा राग तितंच उतरला. एवढी मोठी साहेबीण, अन् भिंतीपलीकडं हाक ऐकणारं कुणी न्हाय.

नवीन कुलूप बसलं, त्यात पहिला अंगठा माझा घ्यायला लावला धम्मप्रियानं. अन् त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"मावशी, माझ्या समोरच्या दारी एक म्हातारी राहती. इतकी वर्षं नुसतं हाय-हॅलो. आज तिला माझी किल्ली दिली."

"घेतली का तिनं?"

"घेतली. अन् मला थांब म्हणाली. आत गेली, तिची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, कवापासनं कुणाला तरी द्यायची होती."

विठाबाई पदरानं डोळे पुसत होती. मी म्हटलं, "खिळ्याला अडकव गं. न्हायतर ठेवशील मीटरच्या पेटीवर!"