पदरात गुंडाळलेले हात

पोराला बटण लागत नसलं की शेवंताबाई स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून घ्यायच्या. "नाही तं हे हात धावतेत लेकाचे," म्हणायच्या. अकोल्यात आमच्या घरामागं त्यांची सरकारी बालवाडी होती. माझी कुमुद, साडेतीन वर्षांची, तिथं भरलेला गडू घेऊन चालली होती, निम्मं पाणी फ्रॉकवर. मी धावले, तर बाईंनी अडवलं. "थांबा बाई. सांडलं तं पुसंन ते."

मी स्वतः पहिलीची शिक्षिका. माझ्या वर्गात हाताची घडी, तोंडावर बोट. इथं पोरं आपणच चटया घालत, आपणच गुंडाळत, आणि बाई कोपऱ्यात गप्प. ही बाई नेमकं करते तरी काय, असं मी शेजारणीला म्हटलंसुद्धा.

रोज सकाळी माझ्यापुढं बसून वेणी घालून घेणारी कुमुद एक दिवस फणी घेऊन दूर सरकली. "माहं मी करतो." भांग वाकडा, रिबीन लोंबतेय, आणि म्हणते, "बाईले दाखवतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच बालवाडीत गेले. "माझी पोर मला परकी केलीत तुम्ही," म्हणाले.

शेवंताबाई रागावल्या नाहीत. "तुमाले काहून वाटते, ते माही झाली? मले बी इचारत नाही ते. मले बी झोंबते बाई. म्हणून तं हात बांधतो."

माझा विश्वास बसला नाही. दोन वर्षं मी जळत राहिले.

मग त्यांची तेल्हाऱ्याला बदली झाली. मोटारस्टँडवर कुमुद त्यांना बिलगून रडेल आणि मला ते बघावं लागेल, ही धास्ती सकाळपासून होती. कुमुदनं स्वतः बांधलेली दशम्यांची पुरचुंडी त्यांना दिली. "जा तुमी, बाई," म्हणाली आणि झाडाखाली निंबोळ्या वेचायला पळाली. वळून पाहिलंसुद्धा नाही. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला.

बाईंचे डोळे भरले होते. हात पुरचुंडीसकट पदरात. "पाहा, रडली नाही," म्हणाल्या. "जमलं तिले." आणि गाडीत चढल्या.

पोरीचा जीव त्यांच्यावर, म्हणून मी जळले होते. तेव्हापासून जळते ती त्यांच्या त्या हातांवर. पुढं कुमुद कॉलेजला अमरावतीला निघाली, तेव्हा तिनं भरलेली ट्रंक मी उघडून सगळं पुन्हा लावलं. ती दारात उभी राहून बघत होती. मला माझे हात बांधता आले नाहीत.