मालेगावच्या वाटेवर मुकी झालेली गाडी

दोष सापडण्याआधीच दोषी माणूस ठरवायची घाई आपल्याला एवढी का असते? मलाही होती, म्हणून विचारते.

२००८ची दिवाळी जवळ आली होती. अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांचे चार गठ्ठे घेऊन मी नाशिकहून मालेगावला निघाले. संध्याकाळी तिथल्या यंत्रमाग कामगारांपुढे माझं भाषण होतं. गाडी भाड्याची होती आणि चालक नामदेवभाऊ चांदवडकडचे. निघताना मालक माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "नामदेव, आता बंद पडली तर किल्ली ठेवायची आणि घरी जायचं. वायरींत हात कोण घालतं ते कळतं मला." पंधरा वर्षं त्याच मालकाकडे गाडी चालवणारा माणूस मान खाली घालून उभा राहिला.

ओझर मागे पडलं. पिंपळगावला छाटलेल्या द्राक्षवेलींना पोपटी फुटवे आले होते. मी मात्र बागा बघायच्या सोडून बोलतच होते. नारळ, लिंबू-मिरची, अंगारे, गाडीची पूजा, सगळ्यांचा समाचार घेतला. नामदेवभाऊ "हो ताई" म्हणत गिअर बदलत होते. चांदवडला चहा घेताना ते म्हणाले, "लय कडक बोलता तुम्ही." मी ते कौतुक समजले.

राहुडच्या घाटात, ऐन चढावर, डॅशबोर्डवरचे सगळे काटे एकदम शून्यावर पडले. नाही नाही ते दिवे पेटले आणि इंजिन गप्प झालं. मागे कांद्याचे ट्रक हॉर्न वाजवत थांबले. मी खाली उतरून चाकामागे दगड लावला. दहा मिनिटांनी किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली, पण घाट संपेपर्यंत नामदेवभाऊंनी पहिला गिअर सोडला नाही.

"दसऱ्यापासून चौथी वेळ हाय ही. गॅरेजवाले म्हणतात, गाडीचा कॉम्प्युटरच बदला. मालक म्हणतात, मीच कायतरी केलं."

"केलंत का तुम्ही काही?" माझा स्वर सरकारी वकिलाचा होता.

"नाय ताई."

उमराण्याला गाडी पुन्हा बंद पडली. समोरच्या खानावळीतली बाई दारातून ओरडली, "गाडी बिघडनी का भाऊ?" (बिघडली का?) तिने आम्हाला जाळ निघेल अशी शेवभाजी खाऊ घातली आणि मालेगावच्या सलीमचाचांचा पत्ता दिला. पूर्वी मागाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे चाचा आता गाड्यांची इलेक्ट्रिक कामं करत होते.

रडतखडत आम्ही त्यांच्या दुकानी पोचलो. आजूबाजूला मागांचा खडखडाट इतका, की बोलायचं म्हणजे ओरडायचं. चाचांनी आधी बॅटरीची तार काढली आणि मग मला समजावलं. गाडीत एक नाही, पाच-सहा डबे असतात: इंजिनचा, ब्रेकचा, काट्यांचा. ते सगळे एकमेकांत पिळलेल्या दोनच तारांवर बोलतात. एक बिघडला की साऱ्यांची बोलती बंद.

"म्हणजे गॅरेजवाले म्हणतात तसा इंजिनचा डबाच—"

"ताई, तुम्ही थांबा. अभी मीटर बोलेगा."

त्यांनी मीटरच्या दोन्ही काड्या त्या तारांना लावल्या. "साठ ओहम पाहिजे. देखो, चाळीस. दोन तारा कुठेतरी एकमेकींना भिडतात." मग ते एकेका डब्याची जोडणी उपसून तपासू लागले. इंजिनच्या डब्याकडे त्यांनी बोट केलं, "ह्याचा हिशेब वेगळा, हा काढला तर आकडाच बदलतो. ह्याला शेवटी बघू." दाराजवळचा डबा काढला, चाळीसच. गिअरचा काढला, चाळीसच. ब्रेकच्या डब्याकडे हात गेला तसे नामदेवभाऊ दोन पावलं मागे सरकले. चाचांनी जोडणी ओढली आणि मीटर साठावर जाऊन थांबला.

जोडणीच्या आत हिरवट बुरशीसारखा गंज चढला होता. पिनांच्या मधोमध लाल-पिवळा चिखल. चाचांनी बोटावर घेऊन वास घेतला.

"हल्दी," ते म्हणाले. "नामदेव, सच बोल."

नामदेवभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "खंडेनवमीला केली पूजा. म्हटलं, सगळ्यात जास्त वायरी ह्याला, म्हणजे हाच गाडीचा मेंदू. वरून काय पुजायचं? टोपण काढून आत हळदकुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. घाटातच सांगणार होतो. पण ह्या ताईंचं भाषण चालू होतं ना सकाळपासून. म्हटलं, आपण ह्यांच्या पुढच्या पत्रकात छापून येऊ."

चाचा मोठ्याने हसले. "मेंदू समजके ब्रेक को पूज लिया! चलो, चुकीच्या देवाला नैवेद्य."

मला हसू आलं नाही. घाटात मागचे ट्रक हॉर्न वाजवत खोळंबले होते, तेव्हा त्या माणसाला सत्य ठाऊक होतं आणि ते त्याच्या तोंडून निघणार नाही अशी व्यवस्था मी केली होती. पूजेने तारा भिडल्या, हे खरंच आहे. नारळाचं पाणी विजेच्या जोडणीत घालू नये, हे मी आजही ठणकावून सांगेन. पण ते नामदेवभाऊंच्या गळी उतरवलं मीटरने. माझ्या चार गठ्ठ्यांनी त्यांना फक्त खोटं बोलायला शिकवलं.

चाचांनी दात घासायच्या ब्रशने एकेक पिन साफ केली, गंज काढायचा फवारा मारला, वाळवलं. बॅटरी जोडल्यावर काटे उठून उभे राहिले. नामदेवभाऊंनी डब्याला हात लावला आणि सवयीने कपाळाला नेता नेता थांबले. "करा हो," मी म्हटलं. "बाहेरूनच करा."

भाषण झालं, नेहमीपेक्षा निम्मं. उरलेला वेळ कामगार बोलले आणि मी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परतताना राहुडचा घाट गाडीने एका दमात पार केला. नाशिकला पोचल्यावर मालकांशी मीच बोलते म्हटलं, तर नामदेवभाऊ म्हणाले, "नको ताई. माझी चूक मी सांगतो." त्यांनी हळदीसकट सगळं सांगितलं. मालकांनी बॉनेट उघडून ब्रेकचा डबा पाहिला. मग म्हणाले, "हे दसऱ्यालाच का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं नाय. सरळ चोरच केलं."

मालकांनी किल्ली मागितली नाही. "उद्या सकाळी येवल्याचं भाडं आहे," एवढंच म्हणाले.

वाचकहो, तुमच्याकडे चालक असेल, कारागीर असेल, घरात काम करणारी बाई असेल. काही बिघडलं असेल तर आजच त्यांना विचारा, "काय झालंय असं तुला वाटतं?" आणि त्यांचं बोलणं पुरतं संपेपर्यंत तोंडातून एक शब्द काढू नका.