शिरूरला चाकूरचा पाऊस

नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. सी भाषेच्या प्रॅक्टिकलला सरांनी एक फाईल दिली. प्रत्येक ओळीत इंग्रजी अक्षरांत तालुक्याचं नाव, त्यापुढं पावसाचा आकडा. एसस्कॅनएफ हे फंक्शन वापरून ओळ फोडायची, नाव एका व्हेरिएबलमध्ये, आकडा दुसऱ्यात टाकायचा आणि दोन्ही छापायचे.

मी शिरूर अनंतपाळची, त्यामुळं आधी माझ्याच गावाची ओळ शोधली. स्क्रीनवर नुसतं 'शिरूर' आलं होतं, आणि आकडा त्याच्या वरच्या ओळीतला, चाकूरचा. फाईलमध्ये तर दोन्ही बरोबर होतं. मी शिरूरचा आकडा मुद्दाम बदलला, सेव्ह केला, परत चालवलं. पुन्हा चाकूरचाच.

शेजारी माझी रूममेट बसली होती, माहूरची. तिच्या गावाचं सगळं नीट आलेलं. माझ्या स्क्रीनकडं बघून ती म्हणाली, "तुमच्याकडं चाकूरचा पाऊस पडून राहिला की. चाकूरचा आकडा बदलून बघ."

बदलला, तर शिरूरचाही बदलला. आता तर माझं डोकंच चालेना.

सर मागं येऊन उभे राहिले. "फंक्शननं किती व्हेरिएबल भरले, ते बघितलंस का?"

"ते कुठं दिसतं, सर?"

"किती भरले ती संख्या फंक्शन स्वतःच परत देतं. छाप."

छापलं. चाकूरला दोन, शिरूरला एक.

"नाव वाचायला तू परसेंट एस लिहिलंयस, ते जागा सुटली की थांबतं," सर म्हणाले. "शिरूर घेतलं, थांबलं. पुढं आकडा शोधला तर समोर अनंतपाळ. मग आकडा भरलाच नाही. व्हेरिएबलमध्ये आधीच्या ओळीचा पडून होता, तोच छापला गेला."

"मग चूक झाली असं सांगत का न्हाई ते?"

"सांगितलं ना. तू विचारलं नव्हतंस."

त्यांनी परसेंट एसच्या जागी चौकोनी कंसातली खूण लिहून दिली: अंक लागेपर्यंतचं सगळं नावातच घे. शिरूर अनंतपाळ पूर्ण आलं, आकडाही आपला आला.

सर गेल्यावर मी रूममेटला हळूच विचारलं, "आकड्याच्या व्हेरिएबलआधी ॲन्डची (&) खूण लावायची आणि नावाच्या आधी न्हाई, असं का?"

"मला बी न्हाई कळलं," ती म्हणाली. "सगळे तसंच लिहितेत."

मीही तसंच लिहिलं. प्रोग्रॅम चालला, सरांनी सही केली. आणि बाहेर पडल्यावर मला लई वेळ वाटत राहिलं, की आपल्याला नेमकं काय आलं?