तुळशीभोवतीच्या फरश्या

चर्चच्या दुरुस्तीचं काम आमच्या आर्किटेक्ट साहेबांच्या ऑफिसकडे आलं तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. ऑफिस आबिड्सच्या बाजारात, चपलांच्या एका दुकानाच्या वर. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती आणि साहेबांची कामं उरकता उरकत नव्हती. शोरूम, कॉम्प्युटरचे क्लास, आखातातून परतलेल्यांचे बंगले. जुनं काढायचं आणि चकचकीत करायचं, एवढंच सगळ्यांना हवं होतं. चर्चचं काम लहान, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

मुशी नदीच्या पलीकडे एका वस्तीत ते होतं. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंती, वर कौलं, दाराशी एक घंटा. ते बांधणारी माणसं मूळची गावकुसाबाहेरची. तीन पिढ्यांमागे तेलंगणातल्या खेड्यांतून शहरात आली, रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली केली, आणि गावात ज्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती त्यांनी स्वतःच्या हातांनी हे उभं केलं. ही सगळी हकिगत तिथल्या पाद्रींनी मला पहिल्याच दिवशी उभ्या उभ्या सांगितली. मी वहीत लिहिलं, ‘छत गळतं. भिंतींना ओल.’

पाद्रींना सगळे अय्यगारू म्हणत, मीही म्हणू लागले. ते म्हणाले, “छत का देखो मॅडम. बाकी जैसा है वैसा रहने देव. हमारे बुजुर्गां बनाए सो है.”

मी मात्र फरशीच्या मागे लागले. जमीन शहाबादी होती, वापरून वापरून मधे खोलगट झालेली. “अय्यगारू, आजकल सब जगा ग्रॅनाइट है,” मी म्हणाले. “छत नया और फर्श ऐसा, अच्छा नहीं दिखता.” वस्तीतल्या नव्या नोकऱ्या लागलेल्या मुलांनी माझी बाजू घेतली. अय्यगारूंनी मान डोलावली. शिकलेली मुलगी सांगतेय तर बरोबरच असेल, असं त्यांना वाटलं असावं.

चर्च झाडणारी एक म्हातारी होती. तिला सगळे अव्वा म्हणत. तेलुगूत अव्वा म्हणजे आजी. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तिनं माझा हात धरला. “फर्श कू हात नक्को लगाओ, बिड्डा.” ती मला बिड्डा, लेकरू, म्हणायची.

का, असं मी विचारायला हवं होतं. मी म्हणाले, “अच्छा होगा अव्वा, देखना तुम.”

फरश्या उखडल्या. काहींच्या कोपऱ्यात टाकीनं काढलेल्या खुणा होत्या. एक मासा, एक विळा, तीन रेघा, एक उघडा पंजा. खाणीतल्या खुणा असतील म्हणून मी त्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. मलबा न्यायला लॉरी आली तेव्हा मला आमच्या बरकतपुऱ्याच्या घराची आठवण झाली. मागच्या अंगणात तुळशीभोवती पावसाळ्यात चिखल व्हायचा आणि बाबा कधीचे फरशी घालायची म्हणत होते. चांगल्या बावीस फरश्या निवडून मी लॉरी आधी घरी वळवली. कुणाला विचारलं नाही. टाकाऊ माल, त्यात विचारायचं काय?

आई खूश झाली. तुळशीभोवती फरश्या बसवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्यावर रांगोळी काढू लागली. दुपारी तिथेच पाट मांडून पोथी वाचायची.

चर्च पुन्हा उघडलं त्या रविवारी मला बोलावलं होतं. ग्रॅनाइट आरशासारखा चमकत होता. लोक चपला काढून आत आले आणि थबकले. तिथे बाकं नव्हती, सगळे जमिनीवर बसत. त्या दिवशी म्हातारी माणसं खाली बघत इकडे तिकडे फिरत राहिली, जणू काही सांडलंय. अव्वा खिडकीजवळ जाऊन उभी राहिली, मग माझ्याकडे आली.

“मेरा पत्थर किधर गया?”

“कौनसा पत्थर, अव्वा?”

तेव्हा तिनं सांगितलं. प्रत्येक घरानं एकेक फरशी दिली होती. तिच्या नवऱ्याच्या आजोबांनी ती मालधक्क्यावरून डोक्यावर वाहून आणली. लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी मासा काढला. “शादी होके आई तब से मैं उसपेच बैठी,” ती म्हणाली. “मेरे बच्चे उसपेच बैठे.”

मासा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. तुळशीच्या पुढ्यात, उजवीकडे.

“पुराने पत्थर टूट गए, अव्वा,” मी म्हणाले. “गाडी में गए.”

तिनं मान हलवली आणि जाऊन कुठेतरी बसली.

त्यानंतरचे चार महिने मी सकाळी मागच्या दारी जायचं टाळत होते. आई हाक मारायची, “अगं, जरा तुळशीला पाणी घाल,” आणि मी ऑफिसची घाई सांगायचे. साहेबांना सांगावं, अय्यगारूंना सांगावं, असं रोज ठरवायचे. मग वाटायचं, चोर म्हणतील. रुतून बसलेल्या फरश्या काढायला बाबा तयार होणार नाहीत, असंही एक कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं. त्यांना विचारलं मात्र कधीच नाही.

नाताळच्या सुमारास अय्यगारू केक घेऊन घरी आले. आईनं चहा दिला. गवंडी-मजुरांसाठी वेगळा ठेवलेला स्टीलचा पेला होता, त्यात दिला. मला ते दिसलं. मी केक कापायला घेतला.

जाता जाता ते म्हणाले, “एक बात थी मॅडम. पुराने पत्थरां कू लोगां बहुत याद कर रे. एखाद-दो भी मिले तो देखो ना.”

“देखती हूँ,” मी म्हणाले.

ते फाटकाबाहेर पडताच आईनं विचारलं, “कुठल्या फरश्या गं?”

“आपल्याकडच्या. त्यांच्या चर्चमधल्या आहेत.”

“तू म्हणालीस जुन्या इमारतीतल्या.” तिनं पेला उचलला. “हे ख्रिस्ती म्हणजे कुठले? पूर्वीचे कोण?”

मी सांगितलं. आईचा आवाज चढला नाही. ती कधीच ओरडत नसे. “मी त्यांच्यावर बसून पोथी वाचली,” ती म्हणाली. “उद्याच्या उद्या काढून टाक. बाबांना मी सांगते.”

त्या फरश्यांना त्यांच्या घरी मान आहे, आपण त्या न विचारता आणल्यात, हे मी तिला सांगू शकले असते. पण मला काय वाटलं, तर सुटले. बरं झालं, आता काढता येतील.

दुसऱ्या दिवशी गवंडी आले. काढताना चार फरश्या फुटल्या. उरलेल्या अठरा लॉरीत चढवल्या आणि लॉरी फाटकाबाहेर पडायच्या आत आई गोमूत्र शिंपडत मागच्या दारी गेली.

वस्तीत लॉरी पोचली तेव्हा माणसं घराघरांतून धावत आली. पोरं खुणा वाचून आपापली नावं ओरडत होती. अव्वानं मासा बोटांनी चाचपला, मग त्याच्या शेजारी मातीतच बसली आणि रडली. फुटलेल्या चारांपैकी एक विळ्याची होती. त्या घरातला माणूस रिकाम्या लॉरीत पुन्हा पुन्हा डोकावत होता.

“कहाँ मिले?” अय्यगारूंनी विचारलं.

“ढूँढे,” मी म्हणाले.

ग्रॅनाइट फोडून त्या पुन्हा बसवल्या. पुढच्या रविवारी मला सगळ्यांपुढे उभं केलं. अय्यगारू तेलुगूत म्हणाले, परक्या घरची ही मुलगी, शहरभर हिंडली आणि आपल्या वाडवडिलांचे दगड शोधून आणले. टाळ्या झाल्या. अव्वानं माझ्या खांद्यावर शाल घातली. मी ती घेतली, हात जोडले, हसलेसुद्धा.

अव्वा दोन वर्षांनी गेली. तिला मी काही सांगितलं नाही.

अय्यगारूंना सांगितलं, त्याला बरीच वर्षं लागली. ते निवृत्त झाले होते. सुलतान बाजारात पुस्तकांच्या एका दुकानापाशी अचानक भेटले आणि तिथेच, फुटपाथवर उभ्यानं, मी सगळं बोलून टाकलं. फरश्या कुठे होत्या, परत का आल्या, पेल्याचंसुद्धा. रविवारी येऊन सगळ्यांपुढे सांगते, असंही म्हणाले.

त्यांनी हातातलं पुस्तक पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, “हमारे लोगां कू नक्को बोलो. उन्हों के लिए इसमें नया क्या है? तुम्हारे घर में बोलो.”

एक बस आली, ते चढून गेले.

घरी गेले तेव्हा आई मागच्या दारी वाती वळत बसली होती. तुळशीभोवती आता सिमेंटचा कोबा होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले. “दमलीस का?” तिनं विचारलं. मी हो म्हणाले. आई त्यानंतर सात वर्षं होती, आणि त्या सात वर्षांत मी तो विषय एकदाही काढला नाही.