कदम मॅडमचा नकाशा

मानवाच्या जनुकीय वारशाचं रक्षण काही काळ पुनावळ्यातून होत होतं. नेमकं सांगायचं तर टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून. तिथे आमची प्रयोगशाळा होती आणि तिथल्या कदम मॅडमचा कशावरही विश्वास नव्हता.

त्यांच्या डब्यातल्या भरल्या वांग्यांचं मी एकदा कौतुक केलं, तर म्हणाल्या, "उद्या कूट न घालता आणते. तेव्हाही छानच म्हणालास, तर तुझं मत बाद."

मॅडम लातूरकडच्या. आरएनए आणि डीएनए यांच्या गाठी कुठे कुठे पडतात, याचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. डीएनएवरून नक्कल होऊन निघालेला आरएनए कधीकधी सुटतच नाही, तिथेच चिकटून बसतो. त्यामुळे डीएनए तुटू शकतो. नव्या माणसाला मॅडम सांगायच्या, "टेम्पो माल उतरवून निघाला तर बरं. डांगे चौकात उभाच राहिला अन् मागून बस आली, की झालंच मग!"

कॅन्सरच्या पेशींमधल्या गाठींचा त्यांचा नकाशा आमच्या संचालकांना फार आवडला. पडताळणीचं एन्झाइम कस्टममध्ये अडकलेलं होतं, पण संचालकांना दम नव्हता. चाकणच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनासाठी त्यांनी फ्लेक्स छापून घेतला. एका कोपऱ्यात गाठी, बाकी सर्वत्र संचालक. त्याच मंचावर मॅडमना विभागप्रमुख जाहीर करायचं होतं. त्या पदाची त्यांनी बरीच वर्षं वाट पाहिली होती.

उद्घाटनाच्या जरा आधी एन्झाइम आलं. ते या गाठींमधला आरएनए खातं, म्हणजे ते घातल्यावर नकाशावरच्या खऱ्या खुणा पुसल्या जायला हव्यात. आमच्या निम्म्याहून जास्त खुणा होत्या तशाच राहिल्या. म्हणजे त्या गाठी नव्हत्याच.

"मॅडम, फ्लेक्स छापून झालाय हो," संचालक म्हणाले.

"मग तुमचा फोटो ठेवा, माझा नकाशा कापा."

"आणि प्रमुखपद?"

"तेबी पुसून बघा की. गेलं, तर खरं होतं."

ते गेलं.

मॅडम निवृत्त होईपर्यंत टायरच्या दुकानावरच राहिल्या. खऱ्या ठरलेल्या खुणांचा लहानसा नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला. तो अजून कोणी खोटा पाडलेला नाही. फारसा कोणी वाचलेलाही नाही.

फ्लेक्स खालच्या दुकानदाराने मागून नेला आणि बाहेरच्या टायरांवर ताणून बांधला. पाणी गळत नाही.