बाळंतपणाला निघालेला बाप

केवळराम गेला तेव्हा मी राईस मिलच्या वजनकाट्यावर होतो. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढत होता आणि माझ्या बायकोचा, पार्वतीचा, फोन आला. "अजी, केवळ भाऊजी जेवून सपरीत पडले होते. उठवून राहिली त उठून नाई राहिले." मी तिच्यावरच खेकसलो. म्हटलं, झोपला असन, तोंडावर पाणी मार! कारण सोंग घेण्यात त्याचा हात धरणारा आमच्या सौंदडात कोणी नव्हता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावात नाटक व्हायचं, त्यात वर्षानुवर्षं हा खलनायक. शेवटच्या अंकात दरवर्षी मरायचा आणि पडदा पडला की उठून बसून विडी मागायचा. मी मिलवरून घरी गेलो ते त्याला शिव्या देतच. आमच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, तो तसाच पडलेला होता, एक हात उशाला घेऊन, चेहऱ्यावर काही दुखलंखुपल्याची खूण नाही. मी दोनदा हाक मारली... तो काही उठला नाही.

महिना उलटून गेला या गोष्टीला. रडायचं ते रडून झालं. पण खरं सांगू का, त्याच्या तेरवीला मांडवात लोक जेवढे हसले तेवढे मी एखाद्या लग्नातही हसताना पाहिले नाहीत. जो उठेल तो एकच किस्सा सांगायचा, केवळराम जर्मनीला लेकीच्या बाळंतपणाला गेला त्याचा. प्रत्येकाचा किस्सा निराळा आणि निम्मा खोटा. म्हणून म्हटलं, खरा काय तो एकदा लिहून टाकावा. त्या सगळ्या तयारीत पहिल्यापासून शेवटपर्यंत मी होतो. तसा मी त्याच्या आयुष्यातच मागे उभा असायचो. तो नाटकात पात्र आणि मी प्रॉम्प्टर. पडद्याआड उभं राहून मी वाक्य पुटपुटायचो आणि तो ते दहा गावांना ऐकू जाईल असं म्हणायचा. मिशा थरथरवून हसला की पहिल्या रांगेतली पोट्टी आईच्या पदरात शिरायची.

सरिता ही त्याची एकुलती एक लेक. ती दहावीत असताना तिची आई गेली. केवळरामनं दुसरं लग्न केलं नाही, धानाच्या शेतीवर पोरीला शिकवलं. ती इंजिनिअर झाली, नागपूरच्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं नोकरीला जर्मनीत गेली. चार-पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिचा फोन आला, बाबा, मला दिवस गेलेत. तिच्या सासूबाईंचे गुडघे पार गेलेले, त्यांना तिकडं जाणं शक्य नव्हतं. "इथं सगळी सोय आहे बाबा, तुम्ही काळजी नका करू," असं ती म्हणाली, पण फोन ठेवेना. फोन ठेवून केवळराम तडक माझ्याकडे आला. "दौलत्या, माय नाई म्हणून पोरीनं एकटीनं बाळंत व्हाव का बे? मी जातो."

"तू जाऊन काय करशील तिथं?"

"माय जे करते थे सप्पा."

मी त्याला वेड्यात काढलं. गावानंही काढलं. बाप्या माणसानं बाळंतपण करायचं म्हणजे काय, अशी चार दिवस पारावर चर्चा झाली. तो मात्र मला घेऊन गोंदियाला गेला. तिथं पासपोर्टचे फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. फॉर्म भरायच्या आधीच यानं दुकानदाराला विचारलं, जर्मनीत डिंकाचे लाडू किती नेता येतात? दुकानदार हसला, म्हणाला, "चाचा, पहले पासपोर्ट तो आने दो!" पण माणूस भला. त्यानं कॉम्प्युटरवर शोधलं आणि तोंड वाकडं केलं. "घी नहीं चलेगा चाचा. दूध, खोवा, घी, कुछ भी नहीं. वहीं फेंक देंगे." आता बाळंतिणीचे लाडू तुपाशिवाय होतात होय? परतीच्या गाडीत हा खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं, चला, भूत उतरलं. सौंदडला उतरताना म्हणतो कसा, "डिंक त चालते ना? खारीक, खोबरं चालते ना? तूप तिथं भेटनच. लाडू तिथंच बांधतो." म्हटलं, तुला येतात का? "पार्वती वहिनी कायले हाये मंग?"

झालं. माझ्या घरात शाळा भरली. पार्वती म्हणजे आधीच जिभेला हाड नसलेली बाई, त्यात शिष्य असा. "भाऊजी, कढईत असा झारा कायले हाणता? डिंक हाये थो, वैरी नोहे!" पहिला डिंक जळला, दुसरा आतून कच्चा राहिला, तिसऱ्यांदा लाडू वळले तर हातात भुगा. तो भुगा आम्ही नवरा-बायको कित्येक दिवस चमच्यानं खात होतो. बाळंत नसताना माझं पोट सुटलं ते तेव्हा. पण रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधी लाडू जमला. बाळंतशेपा कुटणं जमलं, आळिवाची खीर जमली. तेव्हा पार्वतीनं विचारलं, "लाडू जमले हो. पण लेकरू पायावर घेऊन न्हाऊ कोण घालन?"

केवळराम थांबला. लहान पोरं त्याला पाहून पळायची, मिशीमुळं आणि नाटकांमुळं. आयुष्यात त्यानं स्वतःच्या पोरीलाही न्हाऊ घातलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिलवर आला आणि म्हणाला, तीन किलो धान तोलून दे, लेकराचं वजन तेवढंच असते. मी दिलं. पार्वतीनं जुन्या लुगड्याच्या मऊ कपड्यात ते शिवलं. त्यावर केवळराम साहेबांचा आक्षेप, मान ताठ आहे, तान्ह्याची मान अशी नसते. मग रेतीची छोटी थैली डोकं म्हणून ढिली बांधली, हात सुटला की ती बदकन मागं पडायची. रोज सकाळी हा आपल्या सपरीत पाय लांब करून बसायचा, ते गाठोडं पायावर घ्यायचा, एका हातानं मान सांभाळायची, दुसऱ्या हातानं तेल. बोरिंगवर पाण्याला जाणाऱ्या बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या. हा त्यांनाच विचारायचा, "बरोबर हाये का वं?" आणि त्याही हंडे खाली ठेवून सांगायच्या.

अशातच पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. "केवळराम कोण?" हा म्हणाला, "मीच. दोन मिनिटं थांबा साहेब, लेकरू पायावर हाये." तो बिचारा थांबला की हो! गाठोड्याची आंघोळ होईतो उभा राहिला. मग विदेशात कशाला जाता म्हणून विचारलं. यानं सांगितलं. शिपायानं टोपी काढून हातात घेतली. "माझं पोरगं झालं तेव्हा मी बंदोबस्तावर होतो, पाच दिवसांनी तोंड पाहिलं," एवढं म्हणाला आणि चहा पिऊन, केवळरामच्या खांद्यावर हात ठेवून गेला.

समोरच्या घरची सून सुरेखा तेव्हा बाळंत झालेली होती. तिची सासू केवळरामला पाहिलं की नातवाला पदराखाली घ्यायची. एक दिवस सुरेखाच बाळ घेऊन रस्ता ओलांडून आली. म्हणाली, "काका, धान रडत नाई. हे घ्या." मी तिथंच होतो. दहा हजारांच्या गर्दीपुढं न घाबरणारा हा गडी, दोनदा हात पुसले तेव्हा कुठं त्यानं बाळ घेतलं. बाळानं मिशी पाहिली आणि टाहो फोडला. केवळरामला काही सुचेना, तेव्हा घाबरून त्याच्या तोंडून ते खलनायकाचं हसू निघालं, अगदी हळू, घशातल्या घशात. बाळ एकदम चूप! डोळे वटारून त्याच्याकडे बघत राहिलं. सुरेखाची सासू उंबऱ्यातून ओरडली, "अजी मान धरा, मान! हासता काय!" त्या दिवसापासून त्या पोराची आंघोळ केवळरामकडे लागली.

बाकीची तयारीही अशीच. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. गोंदियाच्या दुकानदारानं आधीच बजावलं होतं, चाचा, किसान लोगों की उंगलियाँ मशीन नहीं पकड़ती. म्हणून त्या वर्षी यानं रोवणा मजुरांवर सोपवला, चिखलात हात घातला नाही, आणि मोहाच्या बियांचं तेल रोज बोटांना चोळलं. मशीननं ठसे घेतले. वर हा मला म्हणतो, "मालिशीले असेच हात पायजे होते, एका कामात दोन झाले." ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी हातातल्या पिशवीत, कागदांच्या झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत, सरितेचा पत्ता खिशात आणि बनियनच्या आतही. बॅग मिलच्या काट्यावर तोलली तर वजन जास्त. पार्वतीचं लोणचं निघालं, पार्वती चार दिवस रुसली. आणि विमानतळावरच्या साहेबाची तालीम तर आम्ही मंडईच्या नाटकासारखी केली. साहेब मी. प्रश्न इंग्रजीत, उत्तरं सरितेनं लिहून पाठवलेली. मी मागून पुटपुटलं की हा खणखणीत बोलायचा, मी गप्प बसलो की याचीही बोबडी वळायची. म्हटलं, केवळ्या, तिथं मागं मी नसणार आहे रे...

दिवाळी झाली आणि तो निघाला. मंडई तोंडावर आलेली, नाटकात त्याच्या जागी दुसरा उभा राहणार होता. जन्मात पहिल्यांदा त्यानं ते काम सोडलं. नागपूरची बस कोहमाऱ्याहून धरायची होती. निम्मी आळी ट्रॅक्टरवर बसून पोचवायला आली. कोणी जवसाची चटणी, कोणी ओवा, कोणी कानटोपी हातात कोंबत होतं. बस सुटली आणि मी धुळीत तिच्या मागं चार पावलं गेलो. म्हाताऱ्या माणसानं उठावं आणि भाषा कळत नाही त्या मुलखात एकट्यानं जावं... खूप भीती वाटली हो मला.

पोचल्यावर त्याचा फोन आला. तिथल्या साहेबानं विचारलं, कशाला आलात? आणि हा सगळं विसरला! सवयीनं डावीकडे मागं वळून पाहिलं, मी कुठला असायला! "मंग काय करू? अभिनय केला." पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी हवेत लेकरू धरलं, मान सांभाळली, तेल चोळलं, तांब्यानं पाणी घातलं, शेवटी पुसून पावडरही लावली. साहेबानं पासपोर्ट बघितला, याच्या मिशा बघितल्या, शेजारच्या खिडकीतल्या बाईला बोलावून दाखवलं आणि हसत शिक्का मारला. मी इकडे पारावर हे सांगितलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नात झाली, सगळं सुखरूप झालं. तिकडं बाळंतिणीला बघायला सुईण घरी येते. पहिल्या दिवशी तिनं पाहिलं तर एक म्हातारा जमिनीवर पाय पसरून बसलेला आणि बाळ त्याच्या पायांवर. ती दचकलीच. मग बाजूला मांडी घालून बसली. कानात तेल घालू नका म्हणाली, यानं ऐकलं. पाणी एवढं कढत नको म्हणाली, तेही ऐकलं. पण दीड महिन्यात नात त्याच्या पायांवर हसायला लागली, आणि सुईण पुढच्या खेपेला स्वतःच्या मैत्रिणीला घेऊन आली. बर्फ पडत असताना त्यानं लाडू वळले, तेही तिकडच्या लोण्याचं तूप कढवून. जावयाला न्हाऊ घालायला शिकवलं. व्हिसा संपायच्या आत परत आला तो गालावर लाली घेऊन. मी विचारलं, काय पाहिलं रे जर्मनीत? म्हणाला, "मोरी आन् स्वयंपाकघर. लय मोठा देश हाये." अशा बोलण्यावर काय करावं माणसानं!

तेरवीला सरिता नवऱ्याला आणि लेकीला घेऊन आली. पाहुणे पांगल्यावर ती आमच्या घरी पार्वतीजवळ येऊन बसली. म्हणाली, "काकू, तिकडं मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या बाळंतपणाला आई आली नव्हती का? मी सांगायचे, आली होती." मग रडली, आल्यापासून पहिल्यांदा. पार्वती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थोड्या वेळानं पोरीनं डोळे पुसले आणि खाली बघत हळूच सांगितलं की तिला पुन्हा दिवस गेलेत, तिसरा महिना आहे... आणि यावेळी तिकडं राहावंसं वाटत नाही. आई नाही, बाप नाही, माहेरी येते असं कुणाला सांगायचं?

पार्वती उसळलीच. "मंग ये ना वं! विचारून काय राहिली? डॉक्टरले विचार आन् पोट वाढायच्या आत विमानात बस!" तोवर सुरेखा आली, तिची सासू आली, दारातच भांडण जुंपलं. खोली कोण सारवणार, लाडू कोण करणार, शेक कोण देणार. सगळी कामं बायांनी आपसांत वाटून घेतली. मी कोपऱ्यात बसून होतो, मला कोणी विचारलंच नाही. शेवटी मीच घसा खाकरून सांगितलं, लेकराला न्हाऊ मी घालीन. पार्वती माझ्या गुडघ्यांकडे पाहून म्हणाली, "मांडी घालून बसले त उठाले दोन माणसं लागतात तुमाले!"

लागू देत. सरितेचं तिकडून यायचं तिकीट निघालं आहे. केवळरामच्या घराची किल्ली माझ्याकडेच असते. रोज सकाळी मिलवर जायच्या आधी मी ते घर उघडतो, सपरी झाडतो आणि तो बसायचा तिथं भिंतीला पाठ लावून पाय लांब करून बसतो. डावा गुडघा अजून नीट जमिनीला टेकत नाही. पण परवापेक्षा काल बरा टेकला.